तुमचे प्रश्न : ऑगस्टस, रोम आणि आपली गोदा

मागच्या अंकात ऑगस्ट महिन्याच्या निमित्ताने चार ओळी लिहिल्या होत्या, की या महिन्याचं नाव रोमच्या ऑगस्टसवरून पडलंय, तो रोमचा पहिला सम्राट, चांगला राज्यकर्ता, आणि त्याच्या रोमलाही आपल्यासारखे नदीचे पूर यायचे, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. मी नाशिकमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवला आणि या एका माणसावरून वर्गात दर वर्षी दोन तट पडायचे, त्यामुळे तुमचे प्रश्न वाचताना पुन्हा वर्गात उभी राहिल्यासारखं वाटलं.

प्रश्न : मॅडम, आमच्या क्लासच्या ग्रुपवर आलं होतं की आधी ऑगस्ट ३० दिवसांचा होता, पण जुलै म्हणजे ज्युलियस सीझरचा महिना ३१ दिवसांचा म्हणून ऑगस्टसला राग आला आणि त्याने फेब्रुवारीतला एक दिवस काढून आपल्या महिन्याला लावला. हे खरं आहे का? (दहावीतला विद्यार्थी, नाशिकरोड)

नाही रे बाळा, खरं नाही, पण ही गोष्ट मोठमोठ्या माणसांनीही शतकानुशतकं खरी मानलीय त्यामुळे तू फसलास यात काही विशेष नाही. या महिन्याचं जुनं नाव सेक्स्टिलिस, म्हणजे सहावा, कारण रोमनांचं वर्ष पूर्वी मार्चपासून मोजायचे. आधी तो २९ दिवसांचा होता. ज्युलियस सीझरने कॅलेंडर दुरुस्त केलं, जे इ.स.पू. ४५ पासून लागू झालं, तेव्हाच त्यात दोन दिवस घालून तो ३१ चा झाला. आणि फेब्रुवारी तर त्याच्याही आधीपासून २८ दिवसांचा होता. इ.स.पू. ८ मध्ये फक्त नाव बदललं, दिवसांना कुणी हात लावला नाही.

मग त्याने स्वतःच्या जन्माचा सप्टेंबर का नाही घेतला, तर याच महिन्यात तो पहिल्यांदा कॉन्सल झाला, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, आणि याच महिन्यात त्याने अलेक्झांड्रिया जिंकलं. मेला तोही याच महिन्यात, इ.स. १४ च्या १९ ऑगस्टला, आणि पहिल्यांदा कॉन्सल झाला ती तारीखसुद्धा १९ च होती.

कॅलेंडरमध्ये त्याने खरं काम केलं ते वेगळंच आहे आणि ते कुणी ग्रुपवर पाठवत नाही. सीझरने सांगितलं होतं की दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्तीचा धरा. आता आपण जसं जन्माचा दिवस धरून बाराव्या दिवशी बारसं करतो तसं तिथले पुरोहित पहिलं वर्ष धरून मोजत, म्हणून त्यांचं चौथं वर्ष आपल्या हिशोबाने तिसऱ्याच वर्षी यायचं. असं करत करत कॅलेंडरमध्ये तीन दिवस जास्तीचे धरले गेले. ऑगस्टसने आज्ञा काढली की आता बारा वर्षं लीप वर्ष धरायचंच नाही, चूक आपोआप भरून निघेल. आणि निघाली. लोकांचे सण, कोर्टाच्या तारखा, काहीही न विस्कटता. हा त्याचा स्वभाव लक्षात ठेव, पुढच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा भेटेल.

प्रश्न : तो सीझरचा मुलगा होता की भाचा? काही ठिकाणी दत्तक मुलगा लिहितात. अठराव्या वर्षी एवढ्या मोठ्या घराण्याचा वारस कसा झाला? (पंचवटीतल्या एक आजी)

आजी, नातं सांगायचं तर सीझरच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. जन्म २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३, नाव गायस ऑक्टेव्हियस, वडील तो चार वर्षांचा असताना गेले. सीझरला स्वतःचा औरस रोमन मुलगा नव्हता. १५ मार्च इ.स.पू. ४४ ला सीझरचा सिनेटच्या बैठकीत खून झाला तेव्हा हा मुलगा समुद्रापलीकडे अपोलोनियाला, म्हणजे आजच्या अल्बानियात, शिकत होता. मृत्युपत्र उघडलं तर त्यात याला दत्तक घेतलेलं.

दत्तक म्हटलं की आपल्याला नाशिक जिल्ह्यात राहून कवळाण्याचा गोपाळ आठवायलाच हवा. मालेगाव तालुक्यातला बारा वर्षांचा शेतकऱ्याच्या घरातला पोरगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. पण तिथे त्याला शिकवायला माणसं होती, वय होईपर्यंत कारभार दुसऱ्यांनी पाहिला, आणि मागे सरकार उभं होतं. इथे उलटं. ज्याने दत्तक घेतलं तो मेलेला, मारणारे उजळ माथ्याने फिरतायत, आणि सीझरचा पैसा, कागदपत्रं सगळं सीझरचा सेनापती मार्क अँटनी याच्या ताब्यात. आई आणि सावत्र वडील दोघांनीही सांगितलं की बाबा रे हे नाव घेऊ नकोस, जीव जाईल.

त्याने घेतलं. मग पहिली गोष्ट काय केली, तर सीझरने मृत्युपत्रात रोमच्या प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स (रोमन नाणी) ठेवले होते ते अँटनी देत नव्हता, याने स्वतःची मालमत्ता विकून द्यायला सुरुवात केली. अँटनी त्याला म्हणाला होता की पोरा, तुझं जे काही आहे ते त्या नावामुळे आहे. खरंच होतं ते. पण नाव मिळणं आणि अठराव्या वर्षी ते पेलणं यात फरक आहे, आणि तो फरक अँटनीला फार उशिरा कळला.

प्रश्न : तुम्ही त्याला चांगला राज्यकर्ता म्हणता, पण माझ्या वाचनात आलंय की त्याने हजारो माणसं यादी लावून मारली. मग चांगला कसा? (इंदिरानगर)

वर्गात दोन तट पडायचे ते याच प्रश्नावर. मी काहीही झाकणार नाही.

इ.स.पू. ४३ च्या नोव्हेंबरात अँटनी, सीझरचाच दुसरा सरदार लेपिडस आणि हा, तिघे आजच्या बोलोन्याजवळ नदीतल्या एका बेटावर भेटले आणि राज्य वाटून घेतलं. सैनिकांना द्यायला पैसा नव्हता आणि शत्रू भरपूर होते, तेव्हा दोन्हींवर एकच उपाय काढला. नावांच्या याद्या केल्या, पांढऱ्या फळ्यांवर लिहून चौकात लावल्या. ज्याचं नाव फळीवर त्याला कुणीही मारावं, डोकं आणून द्यावं, मोकळ्या माणसाला २५ हजार दिनार आणि गुलामाने आणलं तर १० हजार दिनार नि गुलामीतून सुटका. मेलेल्याची मालमत्ता जप्त. जुन्या इतिहासकारांचा आकडा आहे साधारण ३०० सिनेटर आणि २००० सरदार दर्जाचे लोक.

सौदा कसा झाला ते ऐकून अंगावर काटा येतो. अँटनीने आपला सख्खा मामा यादीत जाऊ दिला, लेपिडसने भाऊ, आणि आपल्या या वीस वर्षांच्या मुलाने सिसेरो दिला, जो ६३ वर्षांचा म्हातारा वक्ता त्याच्या बाजूने सिनेटमध्ये उभा राहिला होता, ज्याच्यामुळे त्याला पहिल्यांदा मान मिळाला. मामा आणि भाऊ पुढे वाचले. सिसेरो नाही वाचला. ७ डिसेंबरला त्याला पालखीतून जाताना गाठला, आणि डोकं नि हात आणून ज्या व्यासपीठावरून तो भाषणं करायचा तिथेच टांगले. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की ऑगस्टसने सुरुवातीला या याद्यांना विरोध केला पण एकदा सुरू झाल्यावर तिघांत जास्त कठोर तोच निघाला.

काही जण म्हणतात पुढे चाळीस वर्षं त्याने शांतता दिली म्हणजे हिशोब चुकता झाला. मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही, कारण ज्यांची डोकी गेली त्यांच्या खात्यात ती शांतता जमा होत नाही. आणि दुसरं टोक, की एकदा खुनी तो कायमचा खुनी, पुढचं सगळं ढोंग, हेही मला पटत नाही, कारण मग त्या चाळीस वर्षांत ज्यांच्या घरात धान्य आलं, ज्यांची घरं आगीतून वाचली, त्यांना आपण खोटं ठरवतो. विसाव्या वर्षी यादीवर सही करणारा आणि सत्तरीकडे झुकल्यावर आग विझवणारी पथकं उभी करणारा, दोघे एकच आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं, कारण हा प्रश्न न विचारता त्याचं कौतुक वाचू नये.

प्रश्न : रोम हे प्रजासत्ताक होतं असं शाळेत शिकलो. मग हा राजा कधी झाला? राज्याभिषेक वगैरे? (गंगापूर रोड)

राज्याभिषेक झालाच नाही काका. राजा हा शब्दच रोममध्ये शिवीसारखा होता, सीझर राजा होऊ पाहतोय या संशयावरच त्याचा खून झाला होता. हे पोरगं ते विसरलं नाही.

पुढे याचं आणि अँटनीचं बिनसलं, इ.स.पू. ३१ मध्ये ग्रीसजवळ ॲक्टियमच्या समुद्रात अँटनी हरला, पुढच्या वर्षी इजिप्त हातात आलं, आता समोर कुणी उरलं नाही. १३ जानेवारी इ.स.पू. २७ ला तो सिनेटमध्ये गेला आणि म्हणाला की माझ्याकडचे सगळे अधिकार मी परत करतोय, राज्य तुमचं. सिनेट म्हणाली नको नको. मग घासाघीस होऊन ठरलं की जिथे गडबड आहे ते प्रांत याने सांभाळायचे, शांत प्रांत सिनेटने. आता गडबडीचे प्रांत म्हणजे स्पेन, गॉल (आजचा फ्रान्स), सिरिया, आणि फौज बहुतेक सगळी तिथेच! इजिप्त तर असं ठेवलं की त्याच्या परवानगीशिवाय सिनेटरला तिथे पाय ठेवता येत नव्हता, कारण रोमचं धान्य तिथून यायचं. तीन दिवसांनी, १६ तारखेला, त्याला ऑगस्टस ही पदवी मिळाली, पूज्य अशा अर्थाची, जिच्यात अधिकार एक पैचा नाही पण मान देवाच्या जवळचा.

पुढे इ.स.पू. २३ मध्ये त्याने दर वर्षी कॉन्सल होणं सोडलं आणि ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. ट्रिब्यून म्हणजे सामान्य लोकांचा रक्षक, जो कुठलाही निर्णय थांबवू शकतो आणि ज्याच्या अंगाला हात लावणं हा गुन्हा. पद घेतलं नाही, फक्त पदाची ताकद घेतली. निवडणुका होत होत्या, सिनेट भरत होती, कॉन्सल दर वर्षी नवे. आपल्याकडे हे समजायला अवघड नाही, साताऱ्याला छत्रपती होते, वस्त्रं त्यांच्याकडूनच घ्यायची, शिक्का त्यांचा, आणि दौलतीचा कारभार पुण्यातून चालायचा. नाव आणि रीत जुनी ठेवली की लोकांना बदल सोसतो हे ज्याला कळलं तो टिकतो. सीझर घाईने जे उघड करायला गेला ते याने चाळीस वर्षांत हळूहळू मुरवलं, आणि तो मेला तेव्हा ज्याने प्रजासत्ताक डोळ्यांनी पाहिलंय असा माणूस रोममध्ये क्वचितच उरला होता.

एक प्रसंग मात्र सांगते. इ.स.पू. २२ मध्ये पूर, रोगराई आणि दुष्काळ एकदम आले. लोकांनी सिनेटला वेढा घातला की याला डिक्टेटर करा नाहीतर तुम्हाला आतच जाळतो. तो लोकांपुढे गुडघ्यावर बसला, खांद्यावरचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, ओढून छाती उघडी केली आणि विनवलं की हे पद मला देऊ नका. पद नाकारलं, पण धान्यपुरवठ्याची जबाबदारी त्याच दिवसांत अंगावर घेतली.

प्रश्न : क्लिओपात्राला त्याने मारलं का? साप खरा का? (सिडको)

ती इजिप्तची राणी आणि अँटनीची साथीदार, इ.स.पू. ३० च्या ऑगस्टमध्ये अलेक्झांड्रियात त्याच्या कैदेत असताना मेली. त्याला ती जिवंत हवी होती, रोममध्ये विजयाच्या मिरवणुकीत चालवायला, म्हणून त्याने मारली असं वाटत नाही. सापाची गोष्ट तेव्हापासूनच सांगतात, मिरवणुकीत तिची जी प्रतिमा नेली तिच्या हाताला साप होता. सीझरपासून झालेला तिचा मुलगा सीझेरियन, साधारण सतरा वर्षांचा, त्याला मात्र याने मारवलं. सीझरचे दोन मुलगे नकोत म्हणून.

प्रश्न : आमचं दुकान सराफ बाजारात आहे. रोममध्येही नदी होती, पूर यायचे असं तुम्ही लिहिलं होतं. तिथे हा माणूस काय करायचा? (जुनं नाशिक)

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं, ही आपली पूर मोजायची पट्टी, आणि छातीला लागलं की तुमच्या बाजारात माल वर चढवायची धावपळ सुरू होते हे मी लहानपणापासून बघतेय. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि गंगेला पूर आला की सगळं गाव पुलावर बघायला जातं.

रोमची नदी टायबर. ऑगस्टस ही पदवी मिळाली त्याच रात्री टायबरला असा पूर आला की सखल भागात होड्या चालल्या, आणि ज्योतिष्यांनी सांगून टाकलं की हा शुभशकुन आहे, सगळं शहर याच्या ताब्यात येणार! पुढे काही वर्षांनी लाकडी पूल वाहून गेला आणि तीन दिवस शहरात नावा फिरल्या.

आता त्याने काय केलं ते ऐका. पात्र साफ करून रुंद केलं. कारण काय लिहून ठेवलंय माहितेय, की नदीचं पात्र राडारोड्याने भरलं होतं आणि काठावरची घरं पुढे पुढे सरकून ते अरुंद झालं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आहे हे! आणि काठाने हद्दीचे दगड रोवले, की इथून इथपर्यंत नदीची जागा, सरकारी. त्यातले कितीतरी दगड आजही सापडलेत, त्यांवर त्याचं नाव आहे. आपल्याकडे पुराची निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर असते, कागद काढून बघावी लागते. तिथे ती दगडाची होती, काठावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मला विचाराल तर हे त्या ॲक्टियमच्या लढाईपेक्षा मोठं काम आहे.

पूर थांबले का? नाही थांबले, तो मेल्यावर लगेच पुढच्याच वर्षी मोठा पूर आला आणि मग टायबर कशी आवरायची यावर सिनेटमध्ये चर्चा झाली. नदी ती नदीच.

पण पाणी, आग आणि धान्य या तीन गोष्टींत तो शेवटपर्यंत लक्ष घालत राहिला. त्याचा लहानपणापासूनचा मित्र अग्रिपा, लढायाही त्यानेच जिंकून दिल्या आणि पाण्याचे कालवेही त्यानेच बांधले, त्यातल्या इ.स.पू. १९ च्या व्हर्गो कालव्याचं पाणी आजही रोमच्या त्या प्रसिद्ध ट्रेवी कारंज्यात पडतं. शहराचे १४ वॉर्ड पाडले. इ.स. ६ मध्ये आग विझवायला सात पथकं उभी केली, बादल्या घेऊन रात्रभर गस्त घालणारी, मुक्त केलेल्या गुलामांची. तात्पुरती म्हणून केली होती, पण इतकी उपयोगी पडली की कायम झाली. इमारतींची उंची ७० फुटांच्या वर नको असा नियम केला, कारण घाईने बांधलेल्या उंच चाळी कोसळायच्या. फुकट धान्य घेणारे त्याच्या काळात २ लाख लोक होते. विटांचं रोम घेतलं आणि संगमरवराचं करून ठेवलं असं तो स्वतः म्हणायचा, पण तुमच्यासारख्या दुकानदाराला संगमरवरापेक्षा तो पात्रातला राडारोडा उचलला याचंच जास्त वाटलं असतं.

प्रश्न : पांडवलेण्यांत यवनाचा शिलालेख आहे. तो ऑगस्टसच्या माणसांचा का? नाशिकचा आणि रोमचा काही संबंध होता? (इतिहासाची विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

सतरा नंबरच्या लेण्यातला तो लेख, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक. म्हणजे ग्रीक वंशाचा, पण नाव बघ, पूर्ण आपल्यात मिसळलेला. रोमचा नाही.

संबंध आहे तो बंदरांमार्फत. दहा नंबरच्या लेण्यात क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख वाच, त्यात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्याचं आहे. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं गोवर्धन, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि भरुकच्छ म्हणजे भडोच. ही सगळी व्यापाराच्या रस्त्यांवरची गावं. तिथेच त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवलीय, २००० दरमहा शेकडा एक टक्क्याने आणि १००० पाऊण टक्क्याने, आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे त्यांच्या वस्त्रासाठी. हिशोब करून बघ, बरोबर २४० येतात. उषवदात ऑगस्टसनंतरच्या पिढ्यांतला, पण गाव किती चालतं होतं ते कळतं. ऑगस्टसने इजिप्त घेतल्यावर लाल समुद्रातलं दार उघडलं, आणि भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की एकट्या मायोस हॉर्मोस बंदरातून आता १२० जहाजं भारताकडे जातात.

भडोचचा एक माणूस तर ऑगस्टसच्या काळात अथेन्सपर्यंत गेला. भारतातल्या कुणा पोरस राजाने वकील पाठवले होते, कातड्यावर ग्रीकमध्ये लिहिलेलं पत्र, बरोबर भेटी म्हणून मोठा साप, नदीतलं कासव, गिधाडाहून मोठा तितर, आणि हात नसलेला एक मुलगा. वाटेत बरेच जण मेले, अँटिओकला पोचले तेव्हा तिघे उरले होते. त्या वकिलांबरोबरच्या एकाने अथेन्सला अंगाला तेल लावून, हसतमुखाने, जळत्या चितेत उडी घेतली. त्याच्या समाधीवर लिहिलं होतं, बार्गोसाचा भारतीय झार्मानोखेगास, आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणे अमर झाला तो इथे आहे. बार्गोसा म्हणजे भडोच, आणि ते नाव श्रमणाचार्य असावं असं अभ्यासक म्हणतात. आपल्याच रस्त्यावरच्या गावचा माणूस गं हा, कुठे जाऊन विसावला बघ.

तुला अभ्यासाला एक विषय सुचवते. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरवलेली प्रशस्ती आहे, तशी ऑगस्टसचीही आहे, त्याने स्वतःच लिहिलेली, रोममध्ये त्याच्या समाधीपुढे ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेली. ते पत्रे गेले, पण अंकाराच्या एका देवळाच्या भिंतीवर लॅटिन आणि ग्रीकमध्ये नक्कल राहिलीय. सुरुवातच अशी, की एकोणीस वर्षांचा असताना मी माझ्या हिमतीवर आणि माझ्या खर्चाने सैन्य उभं केलं. पुढे सगळा मी, मी आणि मी, किती पैसे दिले, किती देवळं दुरुस्त केली, भारताच्या राजांचे वकील माझ्याकडे वारंवार आले. ज्या नागरिकांनी क्षमा मागितली त्या सगळ्यांना जीवदान दिलं असंही आहे. अँटनीचं नाव नाही, सीझरला मारणाऱ्या ब्रूटसचं नाही, त्या पांढऱ्या फळ्यांचा तर एक शब्द नाही.

आणि आपल्या लेण्यात आई बोलतेय. मुलगा गेलाय, नातू पुळुमावी गादीवर आहे, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी ही म्हातारी लेणं दान देते आणि मुलाबद्दल सांगते, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, जो शहरातल्या लोकांच्या सुखदुःखात सारखा सहभागी, ज्याला अपराधी शत्रूचाही जीव घेणं आवडत नव्हतं. आणि त्याच लेखात क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचंही अभिमानाने आहे. सिन्नर तालुक्यात गोदाकाठच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय, नहपानाच्या तोंडावरच चैत्याची खूण. दोन्ही लेख शेजारी ठेव आणि कोण काय गाळतंय ते ओळीओळीने बघ. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असतं तेव्हा अक्षरं नीट दिसतात.

प्रश्न : एवढं सगळं मिळवलेल्या माणसाचं घर कसं होतं? मुलंबाळं? तुम्ही त्यावर कधी लिहीत नाही. (मालेगावहून एक ताई)

ताई, एकच मुलगी, ज्युलिया. ज्या दिवशी ती जन्मली त्याच दिवशी त्याने तिच्या आईला घटस्फोट दिला. पुढे लिव्हियाशी लग्न केलं आणि ५० हून जास्त वर्षं संसार केला पण तिच्यापासून मूल जगलं नाही. घरी राहणी साधी, जाडीभरडी पोळी, छोटे मासे, ओलं चीज, हिरवी अंजिरं, आणि कपडे घरातल्या बायकांनी विणलेले. थंडी सोसायची नाही म्हणून हिवाळ्यात एकावर एक चार अंगरखे. विजेची भीती इतकी की सीलचं कातडं जवळ बाळगायचा. चाळीस वर्षं एकाच खोलीत झोपला.

पण वारस पाहिजे म्हणून त्याने ज्युलियाला हातातल्या सोंगटीसारखं फिरवलं. आधी आतेभाऊ मार्सेलसशी लग्न, तो एकोणिसाव्या वर्षी गेला. मग वडिलांच्याच वयाच्या अग्रिपाशी, त्याच्यापासून पाच मुलं. तोही गेला, मग सावत्र भाऊ टायबेरियसशी, ज्याला त्यासाठी स्वतःची आवडती बायको सोडायला लावली. इ.स.पू. २ च्या फेब्रुवारीत सिनेटने ऑगस्टसला राष्ट्रपिता म्हटलं आणि तो रडला. त्याच वर्षी ज्युलियाच्या वागण्याचा बभ्रा झाला, आणि व्यभिचाराविरुद्धचा कायदा त्याचाच होता, त्याने तिला एका छोट्या बेटावर हद्दपार केलं, दारू बंद, परवानगीशिवाय भेट बंद. तिच्याबरोबर कोण गेलं, तर ती जन्मली त्या दिवशी सोडून दिलेली आई. लोकांनी कितीदा विनवलं पण त्याने तिला रोममध्ये परत आणलं नाही, आपल्या समाधीतही जागा नाही असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. इथे मला त्याच्याबद्दल काहीही चांगलं सांगता येत नाही.

तिचे दोन मुलगे, गायस आणि लुशियस, त्याने लहानपणीच दत्तक घेतले होते. स्वतः त्यांना लिहायला शिकवायचा, आपल्यासारखं अक्षर यावं म्हणून. त्या दोघांचं एक चांदीचं नाणं मी एका ओळखीच्या संग्राहकाकडे तळहातावर घेऊन पाहिलंय, जुन्या पंचवीस पैशांएवढं, वजन चार ग्रॅमच्याही आत. एका बाजूला ऑगस्टस, साठी उलटलेला पण चेहरा तिशीतला, त्याच्या नाण्यांवर तो कधी म्हातारा झालाच नाही. दुसऱ्या बाजूला दोन पोरं टोगा घालून उभी, मध्ये ढाली आणि भाले. कडा झिजल्यात, पोरांचे चेहरे बोटांनी पुसले गेलेत.

लुशियस इ.स. २ मध्ये मार्सेलमध्ये आजाराने गेला, गायस इ.स. ४ मध्ये आर्मेनियात झालेल्या जखमेने. मग नाइलाजाने टायबेरियस. पण ही नाणी भरपूर पाडली होती आणि चांदी चोख, म्हणून व्यापाऱ्यांनी ती पिशव्या भरून जहाजांवर चढवली, आणि दक्षिण भारतात कोइमतूरच्या बाजूला, आंध्रात, मडक्यांच्या मडकी भरून ती सापडतात. मी पाहिलेलं तसंच दक्षिणेतलं होतं. मिरीच्या बदल्यात ते कुणाच्या तरी हातात पडलं तेव्हा ती दोन्ही पोरं बहुतेक मेलेली होती.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना तुमचा भाग जरूर लिहा, आणि ज्यांनी दुतोंड्या मारुतीच्या पुराच्या जुन्या आठवणी पाठवल्यात त्यांच्यासाठी वेगळी दोन पानं मागून घेतली आहेत.)